पुढाऱ्याची शाळा कशी शोधावी आणि त्यावरून काय ठरवावं

निवडणुका लागल्या की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'हा मातीतला माणूस, सरकारी शाळेत शिकलाय' आणि 'तो कॉन्व्हेंटचा, त्याला आपलं दुखणं काय कळणार!' बोलणाऱ्याने बहुतेक वेळा शाळा तपासलेली नसते. तपासली असली तरी तिच्यावरून नेमकं काय कळतं, याचा विचार केलेला नसतो. मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना माझा ठरलेला प्रकल्प असतो : एखादं सभागृह किंवा मंत्रिमंडळ घ्यायचं, त्यातल्या प्रत्येकाची शाळा शोधायची आणि मगच त्याबद्दल बोलायचं. मुलं सुरुवातीला म्हणतात, 'मॅडम, हे तर गूगलवर पाच मिनिटांत मिळेल.' शाळेचं नाव मिळतंही. पण ती शाळा तेव्हा कुणाची होती, फी कोणी भरली, शेजारच्या घरातली मुलं कुठे जात होती, हे मिळत नाही. ते कसं मिळवायचं आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं, ते इथे लिहिते.

पुढची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे, ती आधी मनात पक्की करा. अकराव्या वर्षी कोणत्या शाळेत जायचं हे मूल ठरवत नाही. आईवडील ठरवतात, त्यांचा खिसा ठरवतो, कधी प्रवेशपरीक्षा ठरवते, कधी आसपास शाळा आहे की नाही यावर ठरतं. म्हणून शाळा ही घराबद्दलची माहिती आहे. तो माणूस पुढे कसा वागेल, कुणाची बाजू घेईल, हे शाळेवरून ओळखता येत नाही. क्लेमंट अ‍ॅटली हेलीबरी या फी घेणाऱ्या शाळेत शिकले आणि १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा त्यांच्याच सरकारने सुरू केली. विन्स्टन चर्चिल हॅरो या तशाच शाळेचे आणि जवाहरलाल नेहरूही हॅरोचेच. भारताच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर हे दोघं कुठे उभे होते ते आपल्याला माहीत आहे.

मग शाळा शोधायचीच कशाला? कारण एका माणसाबद्दल जी माहिती फारसं बोलत नाही, ती एखाद्या सभागृहातल्या साडेसहाशे माणसांची एकत्र मांडली की बोलायला लागते. सभागृहात कोणत्या घरांतली मुलं पोचतात आणि कोणत्या घरांतली वाटेतच गळतात, हे तिथे दिसतं. मला त्या गळणाऱ्यांची काळजी आहे, म्हणून हा खटाटोप.

यादी पूर्ण घ्या आणि तारीख गोठवा

माझे विद्यार्थी सुरुवातीला चार प्रसिद्ध नावं घेऊन येतात. राजीव गांधी डून स्कूलचे, नवीन पटनायक डूनचे, ज्योतिरादित्य शिंदे डूनचे, अमरिंदर सिंग डूनचे. म्हणजे भारताचं राजकारण डूनच्या मुलांच्या हातात, असा निष्कर्षही तयार असतो. प्रसिद्ध शाळा शोधली की प्रसिद्ध विद्यार्थी सापडणारच. उलट बाजूने चला. आधी माणसांची पूर्ण यादी घ्या, मग एकेकाची शाळा शोधा. कोणाचंही नाव 'हा फार महत्त्वाचा नाही' म्हणून गाळू नका.

तारीखही एकच ठेवा. मंत्रिमंडळं बदलत राहतात. बोरिस जॉन्सन यांच्या जुलै २०१९च्या पहिल्या मंत्रिमंडळात जवळजवळ दोन-तृतीयांश मंत्री खासगी शाळांतले होते. हा आकडा त्या महिन्याचा आहे. पुढच्या फेरबदलानंतरच्या मंत्र्यांना तो चिकटवता येणार नाही. तक्त्याच्या डोक्यावरच लिहा : अमुक सभागृह, अमुक तारखेला.

कोणती शाळा धरायची

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाही हवा.

बहुतेक माणसांची शाळा एक नसतेच. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांचं उदाहरण घ्या. सुरुवातीला सरकारी प्राथमिक शाळा, मग थोडा काळ खासगी कॉन्व्हेंट, मग निवड-परीक्षेची सरकारी ग्रामर शाळा. त्या तिथे शिकत असतानाच ती शाळा सर्वांना प्रवेश देणारी सरकारी शाळा झाली. एका मुलीच्या खात्यात चार प्रकार! 'थेरेसा मे कुठे शिकल्या' याला एका शब्दाचं उत्तर देणारा त्यातलं काहीतरी लपवतोच.

ब्रिटनचेच पंतप्रधान झालेले केअर स्टार्मर यांच्या नोंदीवरून तर माझ्या वर्गात एक अख्खा तास वाद झाला होता. १९७४ साली ते रायगेट ग्रामर स्कूलमध्ये दाखल झाले तेव्हा ती सरकारी शाळा होती. १९७६ साली ती खासगी झाली, पण आधीच आत असलेल्या या मुलाच्या घरच्यांना फी भरावी लागली नाही. वडील कारखान्यात अवजारं बनवणारे कारागीर, आई परिचारिका. एका गटाने त्यांना 'खासगी'त टाकलं होतं, कारण आज त्या शाळेच्या संकेतस्थळावर फीचं पान आहे. दुसऱ्या गटाने 'सरकारी'त, कारण प्रवेश तसा झाला होता. दोन्ही गट एका अर्थी बरोबर होते आणि दोघांच्याही तक्त्यात एकच रकाना होता, हीच अडचण होती.

तेव्हापासून मी तक्ता असा आखायला लावते. प्राथमिक शाळा, चौदाव्या वर्षीची शाळा, शाळेची शेवटची दोन वर्षं : तीन वेगळे रकाने. प्रत्येक रकान्याला जोडून 'त्या वर्षी ती शाळा कोणत्या प्रकारची होती' हा रकाना. 'त्या वर्षी' हे शब्द ठळक करून ठेवा. शाळा आज काय आहे याचा इथे संबंध नाही. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बऱ्याच ग्रामर शाळा फी घेणाऱ्या झाल्या, त्यामुळे आज साठीत असलेल्या ब्रिटिश पुढाऱ्यांच्या नोंदी हटकून तपासाव्या लागतात.

शेवटी मोजताना एक रकाना निवडावाच लागतो. मी चौदाव्या वर्षीची शाळा धरते, कारण तोवर घराने केलेली निवड स्पष्ट झालेली असते आणि मुलाने स्वतः मिळवलेल्या शिष्यवृत्त्यांचा गोंधळ अजून वाढलेला नसतो. तुम्ही दुसरा नियम करा, हरकत नाही. पण नियम नावं भरायच्या आधी लिहून ठेवा. नावं समोर आल्यावर केलेला नियम आपल्या आवडीच्या माणसाकडे झुकतो, हे मी दर वर्षी पाहते. फार हुशार मुलांच्या हातूनही हेच होतं.

शाळा चालवतं कोण, पैसे देतं कोण

खासगी म्हणजे श्रीमंतांची आणि सरकारी म्हणजे गरिबांची, हे समीकरण बहुतेक देशांत टिकत नाही. म्हणून चालक आणि पैसा हे दोन प्रश्न वेगळे विचारायचे.

नेदरलँड्समध्ये साधारण दोन-तृतीयांश मुलं खासगी मंडळांनी चालवलेल्या शाळांत जातात, पण १९१७च्या घटनादुरुस्तीपासून या शाळांचा खर्च सरकार करतं. तिथल्या पुढाऱ्याच्या नावापुढे 'खासगी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीही कळणार नाही. फ्रान्समध्ये १९५९च्या दब्रे कायद्यानंतर करार केलेल्या खासगी शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकार देतं. त्यातल्या बहुतेक कॅथलिक आहेत. इमॅन्युएल मॅक्रॉन आधी अमियाँच्या जेझुइट शाळेत होते आणि शेवटी पॅरिसच्या आंरी कात्र या सरकारी शाळेत गेले. ती सरकारी शाळा जास्त दुर्मिळ मानाची आहे. त्याच्याही पुढे जा : १९४५ साली स्थापन झालेली प्रशासनाची राष्ट्रीय संस्था 'एना'. पूर्ण सरकारी, फी नाही, उलट शिकणाऱ्याला वेतन. जिस्कार देस्तँ, शिराक, ओलाँद आणि मॅक्रॉन हे चार राष्ट्राध्यक्ष तिथून आले, आणि ती ठरावीक घरांतल्याच मुलांची झाली हा आरोप इतका वाढला की २०२१च्या अखेरीस मॅक्रॉन यांनीच ती बंद करून दुसरी संस्था उभी केली.

आपल्याकडे महाराष्ट्रात तर हा फरक समजून घेतल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. खासगी अनुदानित शाळा म्हणजे संस्था खासगी, शिक्षकांचे पगार सरकारचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेली रयत शिक्षण संस्था कागदावर खासगीच आहे, आणि तिने ज्या घरांतली मुलं शाळेत आणली त्या घरांत त्याआधी पाटी आली नव्हती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नियम पारखायला स्वतःचंच नाव तक्त्यात भरून पाहिलं : शाळा खासगी संस्थेची, फी नाममात्र, वडील गवंडी. ती म्हणाली, 'मॅडम, या तक्त्याप्रमाणे मी वरच्या वर्गातली झाले.' सगळ्यांनी ही परीक्षा करावी असं मला वाटतं. पुढाऱ्यांकडे जाण्याआधी स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्या तक्त्यात भरा. रकाने कुठे तोकडे पडतात ते लगेच कळेल.

मग तिसरा प्रश्न : या मुलासाठी फी भरली कोणी? ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीज सिडनीच्या कॅथलिक शाळेत शिकले, म्हणजे बिगरसरकारी. पण त्यांची आई एकटी होती, अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर घर चालवायची, आणि ते घर सरकारी वसाहतीतलं. ऑस्ट्रेलियात एक-तृतीयांशाहून जास्त मुलं बिगरसरकारी शाळांत जातात आणि त्यातल्या कॅथलिक शाळांची फी बरीचशी हलकी असते. बराक ओबामा होनोलुलूच्या पुनाहू या महागड्या शाळेत गेले ते शिष्यवृत्तीच्या मदतीने. जो बायडन खासगी अकादमीत शिकले, आणि फीला हातभार म्हणून शाळेच्या आवारात काम केल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. या तिघांच्या ओळीत नुसतं 'खासगी' लिहिणं म्हणजे माहिती असून दडवणं.

भारतात हे आणखी गुंतणार आहे. शिक्षणहक्क कायदा २००९चा, अंमल एप्रिल २०१०पासून, आणि विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी. त्या जागांवर शाळेत गेलेली पहिली मुलं आता मोठी होत आली आहेत. विधानसभा किंवा लोकसभा लढवायचं किमान वय २५. त्यातलं कोणी उमेदवार झालं की शाळेच्या नावावरून त्याचं घर ओळखता येणार नाही. प्रवेश कसा झाला हा रकाना आजच तक्त्यात ठेवा.

तुलना त्याच्याच पिढीशी

'सभागृहात इतके टक्के खासगी शाळांतले' हे वाक्य एकटं उभं राहू शकत नाही. शेजारी दुसरा आकडा लागतो : सगळ्या मुलांपैकी किती टक्के तशा शाळेत जात होती?

ब्रिटनचं उदाहरण हिशेबाला सोपं आहे. सटन ट्रस्ट ही संस्था दर निवडणुकीनंतर हे मोजते. २०१९च्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये २९ टक्के खासदार खासगी शाळांतले होते, २०२४च्या सभागृहात २३ टक्के. देशातली साधारण ७ टक्के मुलं खासगी शाळांत जातात. म्हणजे २०२४ला ही मुलं आपल्या वाट्याच्या तिपटीहून थोडी जास्त दिसतात. सोळा वर्षांपुढच्या वर्गांत खासगी शाळांचा वाटा बराच मोठा असतो, म्हणून तुम्ही शेवटच्या दोन वर्षांचा रकाना धरला असेल तर तुलनाही त्याच वयाशी करा. नाहीतर फुगवटा खोटा दिसेल.

वयाचा मुद्दा भारतात सगळ्यात जास्त चुकतो. १९५१ साली देशाची साक्षरता साधारण १८ टक्के होती. त्या काळी 'सरकारी शाळेत मॅट्रिक झालेला' माणूस हा गरीब घरातला होता असं मानून चालणार नाही; मॅट्रिकपर्यंत पोचणं हीच तेव्हा मूठभरांची गोष्ट होती. १९५२च्या लोकसभेतला मॅट्रिक आणि आजच्या लोकसभेतला दहावी पास यांना एका रकान्यात टाकलंत तर तक्ता वाया गेला. जन्मसालाचा रकाना म्हणूनच पहिल्या पानावर हवा. आणि के. कामराज यांच्यासारख्या माणसाचं मोलही तेव्हाच कळतं : लहानपणीच शाळा सुटली, मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण देण्याची योजना त्यांनी राज्यभर नेली.

पिढी बाजूला घेऊन पाहिली की कारणंही दिसू लागतात. ईटन या फी घेणाऱ्या निवासी शाळेने ब्रिटनला २० पंतप्रधान दिले, हे सगळे सांगतात. पण १९६४ ते १९९७ या तेहतीस वर्षांत एकही पंतप्रधान ईटनचा नव्हता. विल्सन, हीथ, कॅलहॅन, थॅचर, मेजर : पाचही जण फी घेणाऱ्या बड्या निवासी शाळांबाहेरचे, आणि चौघे ग्रामर शाळांतले. शिष्यवृत्ती आणि परीक्षेने ग्रामर शाळेत शिरलेली हुशार मुलं वर येत होती. त्या शाळांत जाणारी मुलंही मात्र साधारण चौघांत एकच होती, उरलेली तिघं बाहेर. १९९७ला एडिनबराच्या फेट्स कॉलेज या फीच्या शाळेतले टोनी ब्लेअर आले, २०१०ला ईटनचे कॅमेरन, २०२२ला विंचेस्टर या तशाच शाळेचे सुनक. मधल्या काळात बहुतेक ग्रामर शाळा बंद तरी झाल्या, सर्वांसाठी खुल्या तरी झाल्या, किंवा फीच्या तरी झाल्या. तिन्हीपैकी कशाचा किती वाटा, हे भांडण तिथे अजून चालू आहे. कोणत्याही एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्याला मी गुण कमी देते.

शाळेवर थांबू नका, घरात डोकवा

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे एड मिलिबँड उत्तर लंडनच्या हॅवरस्टॉक या साध्या सरकारी शाळेत शिकले. वडील राल्फ मिलिबँड, नामवंत मार्क्सवादी विचारवंत. घरी जेवायला येणारी माणसं देशाच्या राजकारणातली. त्याच पक्षाचे हिलरी बेन हॉलंड पार्क या सरकारी शाळेतले. वडील टोनी बेन, मंत्री. शाळेचा रकाना या दोघांना सामान्य घरातलं ठरवतो. म्हणून ब्रिटनमधला सामाजिक गतिशीलता आयोग नोकरीच्या ठिकाणी एक प्रश्न विचारायला सांगतो : तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करत होता? मी हा प्रश्न शाळेच्या रकान्याला जोडूनच ठेवते. दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी हाच निवडेन.

आपल्याकडे आणखी तीन गोष्टी लागतात. पहिली जमीन. लोकसभेच्या सदस्य-परिचयात व्यवसायापुढे 'शेतकरी' हा शब्द फार वेळा येतो, आणि त्या एका शब्दात दोन एकर कोरडवाहू आणि दोनशे एकर बागायत सारखीच बसते. दुसरी जात. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याला सरकारी शाळेत शिकले. तिथे त्यांना वर्गात वेगळं, स्वतःच्या तरटावर बसावं लागे आणि पाण्याच्या नळाला स्वतः हात लावता येत नसे. त्याच शाळेतल्या सवर्ण मुलाच्या नोंदीत आणि त्यांच्या नोंदीत शाळेचा रकाना तंतोतंत एकच येईल. तिसरी गोष्ट, मुलगी होती की मुलगा. एकाच घराने मुलाला फीच्या शाळेत आणि मुलीला फुकटच्या शाळेत घातल्याची उदाहरणं तुमच्याही नात्यात सापडतील. महिला खासदारांच्या ओळी वाचताना भावाची शाळा कोणती होती, हे कुठे लिहिलेलं मिळालं तर जरूर नोंदवा.

शोधायचं कुठे

भारतात पहिला दगड म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे यांची माहिती देणं बंधनकारक झालं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती प्रतिज्ञापत्रं स्कॅन करून ठेवलेली असतात. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात उमेदवाराने सर्वोच्च शिक्षण, संस्थेचं नाव आणि वर्ष द्यायचं असतं. 'सर्वोच्च' इथे अडतं. माणूस पदवीधर असेल तर त्याची शाळा तिथे असेलच असं नाही. काही जण दहावीपासून सगळं लिहितात, काही फक्त शेवटची पदवी. तरी कागद शेवटपर्यंत वाचा. मालमत्तेच्या तपशिलात वारसाहक्काने आलेली जमीन वेगळी दाखवावी लागते, आणि वडिलांच्या घराबद्दल शाळेपेक्षा ती जास्त सांगते.

त्यानंतर सभागृहाच्या संकेतस्थळावरचा सदस्य-परिचय. ही माहिती सदस्य स्वतःच देतो, त्यामुळे काय दिलंय तितकंच काय गाळलंय तेही पाहा. ब्रिटनमध्ये सभागृहातलं पहिलं भाषण कामाला येतं. नवे खासदार त्यात बहुधा मतदारसंघाबरोबर स्वतःच्या घराबद्दलही बोलतात आणि कार्यवाहीच्या छापील नोंदीत ते शब्दशः मिळतं. दिवंगत नेत्यांसाठी जुन्या वृत्तपत्रांतले मृत्युलेख आणि गौरवग्रंथ. गौरवग्रंथात कौतुक फार, पण 'वडील अमुक साहेबांकडे मुनीम होते' अशी एखादी ओळ तिथेच सापडते. विकिपीडिया वाट दाखवायला चांगलं. नोंद मात्र त्याच्या तळाशी दिलेल्या मूळ कागदावरून करा.

शाळा आपल्या यशस्वी मुलावर हक्क सांगते, अगदी दोन वर्षं राहून गेलेल्यावरही. पुढारी उलट वागतो, महागडी शाळा परिचयातून गाळतो आणि पहिल्या चार इयत्तांची गावची शाळा सांगतो. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार मिळाल्याशिवाय मी नोंद पक्की मानत नाही. एकच आधार असेल तर पेन्सिलीने. आधारच नसेल तर 'माहिती नाही', आणि निष्कर्षात त्यांची संख्या वेगळी सांगायची. रिकाम्या जागा सरकारी शाळेच्या खात्यात ढकलण्याचा मोह होतो, कारण बड्या शाळेचं नाव गाजतं, ते असतं तर दिसलं असतं, असं वाटतं. तो मोह आवरा.

एक मर्यादा मी कडक पाळते. पुढाऱ्याची अल्पवयीन मुलं आज कोणत्या शाळेत जातात हे आम्ही शोधत नाही. त्याने भाषणात सांगितलं असेल तर तेवढंच. मुलांनी निवडणूक लढवलेली नाही.

महाराष्ट्रासाठी एक जादा रकाना

इथे फक्त 'कुठे शिकला' विचारून भागत नाही, 'शाळा कोणाची' हेही विचारावं लागतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. स्वतः दादांचं शिक्षण फार थोडं झालेलं. त्यानंतर महाविद्यालयं, शाळा आणि राजकारण यांची अशी सांगड बसली की 'शिक्षणसम्राट' हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. सोनसळसारख्या खेड्यातून आलेल्या पतंगराव कदमांनी १९६४ साली भारती विद्यापीठ स्थापन केलं आणि पुढे ते राज्याचे मंत्री झाले. अशा माणसाची ओळ 'ग्रामीण घर' म्हणून भरून पुढे गेलात तर अर्धंच चित्र दिसेल.

संस्थेची मालमत्ता न्यासाच्या नावावर असते, त्यामुळे ती उमेदवाराच्या वैयक्तिक मालमत्तेत दिसत नाही. तिथे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली सार्वजनिक न्यासांची नोंद पाहावी लागते : विश्वस्त कोण, बदल कधी झाले, एकाच आडनावाचे किती. हे काम चिवट आहे. पण खासगी शाळांची फी, मान्यता, अनुदान यांचे निर्णय घेणाऱ्या सभागृहात किती जण स्वतः शाळा चालवतात, हे नागरिकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना

'शाळेमुळे तो असा झाला' असं लिहू नका. गटाबद्दल लिहा आणि कारण शोधायचं असेल तर मधल्या पायऱ्या शोधा. ब्रिटनच्या खासदारांना १९११पर्यंत पगारच नव्हता; घरून पैसा येणारा माणूसच तिथे बसू शकत होता. आज पगार आहे, पण उमेदवारी मिळेपर्यंतची वर्षं बिनपगारी जातात : सभा, प्रवास, पक्षकार्यालयातलं फुकटचं काम. ज्याच्या घरची चूल त्याच्या रोजच्या कमाईवर पेटते, त्याला ती वर्षं काढता येत नाहीत. फीची शाळा परवडणाऱ्या घराला हीही वर्षं परवडतात. तक्त्यात दिसणारी गोष्ट शाळेची की त्या ऐपतीची, हा प्रश्न वाचणाऱ्यासमोर मोकळा ठेवा.

वाक्य कसं असावं, त्याचा नमुना देते : 'अमुक तारखेच्या या सभागृहातल्या इतक्या सदस्यांपैकी इतक्यांची शाळा सापडली, त्यातले इतके चौदाव्या वर्षी फी भरून खासगी शाळेत होते, त्यांच्या पिढीत हे प्रमाण इतकं होतं, इतक्यांबद्दल माहिती नाही.' लांबलचक आहे, पण प्रत्येक तुकडा पडताळता येतो. 'कॉन्व्हेंटवाल्यांचं सरकार' यातलं काहीच पडताळता येत नाही.

आणि छापायला देण्याआधी तक्ता दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, शक्यतो वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्याच्या. फक्त नावं आणि नियम द्यायचे, तुमच्या नोंदी नाहीत. त्याने यादीतली कोणतीही वीस नावं स्वतः शोधून भरावीत. जिथे दोघांच्या नोंदी वेगळ्या निघतील तिथे आधार समोर ठेवून बोला, नियम अपुरा असेल तर नियम सुधारा आणि सगळी यादी नव्या नियमाने पुन्हा भरा. तरीही एखाद्या नावावर एकमत झालं नाही तर दोन्ही नोंदी ठेवा आणि तक्त्याखाली तसं लिहा.